नीरेचा काठ आणि ग्वाटेमाला : एका पिकावर जगणाऱ्या दोन मुलखांची हकीकत

मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा एक लहान देश आहे. त्याचे क्षेत्रफळ १,०८,८८९ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून किंचित अधिक. उत्तरेस मेक्सिको, एका अंगास प्रशांत महासागर व दुसऱ्या अंगास कॅरिबियन समुद्राची अरुंद किनारपट्टी. डोंगराळ भागात मका पिकवून राहणारे मूळचे माया लोक, आणि समुद्राकडील सखल भागात कॉफी, केळी व ऊस यांचे विस्तीर्ण मळे, अशी त्या देशाची ढोबळ रचना आहे. वेलदोडा मूळचा आपल्या सह्याद्रीतला. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी तो तिकडे नेऊन लावला गेला आणि आज जगाच्या बाजारात वेलदोडा धाडणाऱ्या देशांत ग्वाटेमालाचा क्रमांक पहिला लागतो.

इतक्या दूरच्या देशाची हकीकत बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याने कशासाठी वाचावी, असा प्रश्न कोणी करील. त्यास आमचे उत्तर असे की, त्या देशाच्या व आपल्या नीरा-काठाच्या इतिहासात एक विलक्षण साम्य आहे. दोन्हीकडे प्रथम कोरडवाहू धान्याची शेती होती. दोन्हीकडे परदेशी बाजाराच्या भावाने शेतकऱ्यास एकदा उचलले व एकदा आपटले. दोन्हीकडे मग एका नगदी पिकाचे राज्य आले, त्या पिकामागून मोठी कंपनी आली, आणि शेवटी कंपनीच्या हातची जमीन काढून घेणारा कायदा आला. ग्वाटेमालात तो १९५२ साली झाला, आपल्याकडे १९६१ साली. पुढे जे घडले ते मात्र दोन्हीकडे निरनिराळे आहे, आणि ते नीट समजून घेतल्यावाचून आपल्या सातबाऱ्यावरील नोंदींचा अर्थ लागत नाही. आम्ही आयुष्याची पुष्कळ वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात घालविली. सबब हकीकतीत सारा, नोंदी व दाखले यांचा भरणा अधिक झाल्यास वाचकांनी तो आमच्या धंद्याचा गुण समजावा.

आरंभ इंदापुरापासून केला पाहिजे. मुंबई इलाख्यात जी जमीनमोजणी व आकारणीची पद्धत पुढे शंभर वर्षे चालली, तिचा जन्म इंदापूर तालुक्यात झाला, ही गोष्ट आपल्या तालुक्यातील फार थोड्यांस ठाऊक आहे. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने प्रिंगल साहेबांकडून दक्षिणेत पाहणी करविली. त्यांनी शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या शेकडा ५५ भाग सरकारचा, असा हिशेब मांडला. कागदावर तो हिशेब सुबक होता. परंतु निव्वळ उत्पन्न ठरविणार कोण? हाताखालच्या माणसांनी ज्याच्याकडून चिरीमिरी मिळाली त्याचे उत्पन्न कमी दाखविले आणि ज्याच्याकडून मिळाली नाही त्याचे वाढविले. धारा इतका जड झाला की, इंदापूरची कुळे गावे सोडून परमुलखात गेली व पुष्कळ जमीन पडीक राहिली.

तेव्हा गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्याने व विंगेट या लष्करी अभियंत्याने निराळी तोड काढली. उत्पन्नाचा अंदाज बांधण्याचे त्यांनी सोडून दिले. शेत, म्हणजे नंबर, हा एकक धरला. मातीची खोली, रंग व दोष पाहून तिचे नऊ वर्ग पाडले व सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत तिची प्रत लावली. मागील वर्षांची वसुली कशी झाली हे पाहून एकूण दर ठरविला, आणि तो तीस वर्षे बदलणार नाही असे अभिवचन दिले. ही आकारणी १८३६ साली इंदापुरात सुरू झाली. आकार हलका व निश्चित झाल्याने लोक परत आले, पडीक जमीन लागवडीस आली. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत सर्व इलाख्यास लागू झाली. आजही सातबाऱ्यावर आकार म्हणून जे थोडके रुपये-पैसे लिहिलेले दिसतात, त्यांचे मूळ या मोजणीत आहे.

या पद्धतीचा एक परिणाम मात्र कोणी आधी जमेस धरला नव्हता. धारा हलका झाला, मालकी निश्चित झाली, त्यामुळे जमिनीस किंमत आली. आणि किंमत आलेली जमीन सावकाराजवळ गहाण टाकता येऊ लागली. अशातच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले. तिकडचा कापूस बंद होताच आपल्याकडील कापसास व त्यामागोमाग सर्वच मालास न भूतो असा भाव आला. लोकांनी लग्ने थाटात केली, बैल घेतले, विहिरी खणल्या, आणि हे सर्व पुढील वर्षीच्या भावाच्या भरवशावर कर्ज काढून. युद्ध संपले, भाव कोसळले. नेमक्या त्याच सुमारास, १८६७ साली, इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली व फेरआकारणी होऊन धारा दीडपटीच्या घरात गेला. सावकाराने हात आखडता घेतला व जुन्या रोख्यांवर हुकूमनामे मिळवून जमिनी आपल्या नावे करून घेण्याचा सपाटा लाविला. त्याचा शेवट १२ मे १८७५ रोजी सुपे येथे झाला. तेव्हा भीमथडी तालुक्यात असलेले व आज बारामती तालुक्यात मोडणारे हे बाजारचे गाव. तेथे जमलेल्या लोकांनी सावकारांची घरे गाठून त्यांच्या कागदपत्रांची होळी केली. लोकांचा मुख्य रोख कागदावर होता, माणसांवर नव्हता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपली जमीन आपल्या हातून कोणत्या वस्तूने जाते हे त्यांस पक्के कळले होते. पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

दंगा शमतो न शमतो तोच १८७६-७७ चा घोर दुष्काळ पडला. त्यानंतर नीरेच्या डाव्या कालव्याच्या कामास जोर आला. भोर संस्थानात वेळवंडी नदीवर भाटघर येथे धरण बांधून पाणी साठवावयाचे, ते नीरेत सोडावयाचे, आणि वीर येथील बंधाऱ्यापासून कालव्याने पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांत न्यावयाचे, अशी ही योजना. १८८५ च्या सुमारास कालवा वाहू लागला. त्याची लांबी सुमारे शंभर मैल. जुने धरण अपुरे पडू लागल्यावर १९२० नंतरच्या दशकात तेथेच नवे मोठे धरण झाले व उजव्या कालव्याने फलटण व माळशिरस या बाजूसही पाणी गेले.

हा कालवा ज्वारी-बाजरी वाचविण्यासाठी बांधला होता, उसासाठी नव्हे. परंतु काळ्या जमिनीत पाऊस बरा झाला की ज्वारीस पाण्याची गरज राहत नाही. आणि पाऊस बरा झालेल्या वर्षी पाणीपट्टी भरून पाणी घेण्यास कुणबी तयार होईना. कालवा तोट्यात जाऊ लागला. बारमाही पाणी घेऊन नियमाने पट्टी भरणारे पीक एकच होते, ते म्हणजे ऊस. उसाच्या लागवडीत सासवडकडील माळी मंडळी पुढे आली. त्यांनी खंडाने जमिनी घेऊन कालव्याच्या काठाने मळे उभे केले, गुऱ्हाळे लाविली, आणि बारामतीची गुळाची पेठ नावारूपास आणली. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉकची पद्धत घालून दिली. तिच्यात ठरावीक क्षेत्रास काही वर्षांसाठी पाण्याची हमी मिळे, पण त्यातील सुमारे एका हिश्शातच ऊस व बाकीच्यात हंगामी पिके घ्यावी लागत. ही पद्धत पुढे नेटाने चालली असती तर आज कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी चारीकडे डोळे लावून बसला नसता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उसाने पैसा आणला तसा रोगही आणला. काळ्या खोल जमिनीस मनस्वी पाणी पाजल्याने भूगर्भातील पाणी वर आले, त्यासोबत क्षार वर आले, आणि सोळा आण्यांच्या जमिनी चोपण होऊन पांढऱ्या पडल्या. डॉ. हॅरोल्ड मॅन व ताम्हणे यांनी नीरेच्या खोऱ्यातील या खाऱ्या जमिनींची पाहणी करून १९१० साली तीवर पुस्तिकाच प्रसिद्ध केली. म्हणजे कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच हे दुखणे पुस्तकात छापून आले होते. त्यावरचा उपायही तेव्हाच कळला होता: पाणी बेताने द्यावे, चर खणून निचरा करावा, पिकांची फेरपालट करावी. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ज्या गावांत चर बुजवून त्यावर ऊस लाविलेला दिसतो, तेथे या पुस्तिकेची आठवण केल्यावाचून राहवत नाही.

आता कंपनीची गोष्ट. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव घसरले. गूळ करणाऱ्याचा खर्च निघेना. त्याच वेळी, १९३२ साली, सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी साखरधंद्यास संरक्षण दिले, आणि कारखाने काढण्याची एकच धांदल उडाली. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून १९३२ साली आपली कंपनी स्थापिली व माळीनगर येथे कारखाना उभारला. शेतकऱ्यांनी स्वतः काढलेला हा कारखाना म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे. इंदापूर तालुक्यात कळंब येथे शेठ वालचंद हिराचंद यांनी काही जमीन विकत व पुष्कळशी खंडाने घेऊन ऊसमळे केले आणि १९३४ च्या सुमारास साखर कारखाना सुरू केला. त्याचेच पुढे वालचंदनगर झाले. पडीक व चोपण जमिनींत नांगर फिरला, रस्ते झाले, वसाहत उभी राहिली, शाळा व दवाखाना आला. ही कामगिरी नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु खंडाने जमीन देणारा शेतकरी कोण होता? मंदीने व कर्जाने गांजलेला, चोपण जमिनीत काही पिकत नाही म्हणून हताश झालेला. त्यास एकरी थोडका का होईना, रोख खंड दरसाल मिळणार होता व सारा भरण्याची विवंचना मिटणार होती. दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर त्याने अंगठा उठविला. मालकीच्या रकान्यात नाव त्याचे राहिले, वहिवाट कंपनीची झाली.

येथे नीरेचा काठ थोडा वेळ सोडून ग्वाटेमालाकडे वळू. त्या देशाचे पहिले नगदी पीक मोठे चमत्कारिक होते. फड्या निवडुंगावर एक किडा पोसून, तो वाळवून, त्यापासून किरमिजी रंग काढीत व युरोपात धाडीत. (आपल्या दक्षिण देशात फड्या निवडुंगाची बेटेच्या बेटे ज्या किड्याने विसाव्या शतकात नाहीशी केली, तो याच्याच कुळातला.) १८५६ नंतर युरोपात रासायनिक रंग निघाले आणि हा धंदा पाहता पाहता बसला. त्यावर उपाय म्हणून सरकारने कॉफीस उत्तेजन दिले. १८७१ साली सत्तांतर होऊन बारिओस यांचे राज्य आले. त्यांनी माया लोकांच्या गावकीच्या जमिनी मोकळ्या करून कॉफीवाल्यांस मिळण्याची वाट केली, आणि मळ्यांवर मजूर मिळावेत म्हणून १८७७ साली कायदा करून गावोगावच्या लोकांस कामावर धाडण्याची सक्ती केली. पुढे १९३४ साली याच सक्तीस नवे रूप आले: ज्याच्याजवळ पुरेशी जमीन नाही त्याने वर्षाकाठी शंभर ते दीडशे दिवस दुसऱ्याच्या मळ्यात काम केलेच पाहिजे, व ते केल्याची नोंद असलेले पुस्तक जवळ बाळगले पाहिजे. नोंदवहीचा असाही उपयोग होऊ शकतो, हे वाचून आमच्यासारख्या कारकुनाच्या अंगावर काटा येतो.

कॉफीमागून केळी आली, व केळ्यांसोबत १८९९ साली अमेरिकेत स्थापन झालेली युनायटेड फ्रूट कंपनी आली. देशाचा मुख्य लोहमार्ग, अतलांतिक बाजूचे बंदर, आगबोटी व लाखो एकर जमीन तिच्या किंवा तिच्या अंकित कंपन्यांच्या हाती गेली. माल कोणीही पिकवो, तो देशाबाहेर काढण्याचा रस्ता तिचा. सुमारे साडेपाच लाख एकर जमिनीपैकी शेकडा ८५ भाग तिने पडीक ठेविला होता. केळीस मर रोग लागतो, तेव्हा राखीव जमीन पाहिजे, असे तिचे म्हणणे होते.

१९४४ साली लोकांनी हुकूमशाही उलथून टाकली. १९५१ साली हाकोबो आर्बेन्स अध्यक्ष झाले, आणि १७ जून १९५२ रोजी ९०० क्रमांकाचा हुकूम निघाला. मोठ्या मालकांची पडीक जमीन सरकारने घ्यावयाची व भूमिहीनांस द्यावयाची. मोबदला रोख्यांनी द्यावयाचा, आणि तो मालकाने सारा भरण्यासाठी स्वतः जी किंमत लिहून दिली असेल त्या किमतीइतका. हे कलम ज्याने सुचविले तो खचित महसुलाचा मर्म जाणणारा असला पाहिजे. कर कमी पडावा म्हणून कंपनीने वर्षानुवर्षे जमिनीची किंमत नाममात्र दाखविली होती. सरकारने तिच्या एका मोठ्या तुकड्याबद्दल तिच्याच आकड्याप्रमाणे ६,२७,५७२ डॉलर देऊ केले, तेव्हा तिच्या वतीने अमेरिकेच्या सरकारने १,५८,५४,८४९ डॉलर मागितले! एकाच जमिनीच्या या दोन किमती: एक सारा भरण्याच्या दिवशीची, दुसरी मोबदला घेण्याच्या दिवशीची. आमच्या वाचकांनी येथे हसावे. पण गावी खरेदीखत करताना आपण किंमत किती लिहितो, आणि रस्त्यासाठी वा कालव्यासाठी जमीन संपादन झाली की दर किती मागतो, याचीही मनाशी आठवण करावी.

अठरा महिन्यांत सुमारे एक लाख कुटुंबांस जमीन मिळाली. नंतर जून १९५४ मध्ये अमेरिकेच्या हेरखात्याने उभ्या केलेल्या फौजेने स्वारी केली, २७ जून रोजी आर्बेन्स यांनी राजीनामा दिला, हुकूम रद्द झाला, व शेतकऱ्यांस दिलेली जमीन बहुतेक सर्व काढून घेण्यात आली. १९६० पासून १९९६ पर्यंत त्या देशात यादवी चालली. तीत सुमारे दोन लाख माणसे मेली किंवा नाहीशी झाली, व त्यांत फार मोठा भाग माया शेतकऱ्यांचा होता. ज्या कंपनीसाठी हे सारे झाले, तिने १९७२ साली तेथील आपल्या जमिनी दुसऱ्या कंपनीस विकून टाकल्या.

आपल्याकडे रक्त सांडले नाही. येथे कायद्यापुढे कंपन्या वाकल्या, फौज आली नाही, निवडून आलेले सरकार निवडणुकीनेच बदलत राहिले. या भाग्याचे मोल ग्वाटेमालाची हकीकत वाचल्यावर कळते. तथापि शेतकऱ्याच्या पदरी काय पडले, याचा हिशेब केल्यास तो सरळ येत नाही.

१९४८ चा कूळकायदा झाला व १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळास मालकी मिळाली. परंतु ऊस लावण्यासाठी वा कारखान्यास दिलेल्या खंडाच्या जमिनी ४३-अ कलमाने वेगळ्या ठेविल्या होत्या. त्यामुळे कंपनी कूळ म्हणून मालक झाली नाही, हे मूळ मालकाच्या पथ्यावर पडले. मग १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला. कंपनीच्या ताब्यातील सर्व जमीन तिची धारणा म्हणून मोजली गेली व मर्यादेवरील जमीन सरकारजमा झाली. त्यात कंपनीने विकत घेतलेली जमीन जशी गेली, तशीच पाच-दहा एकरांच्या धन्याने खंडाने दिलेली जमीनही गेली. ज्याची एकूण धारणा मर्यादेच्या पासंगासही पुरत नव्हती, त्याची जमीन जास्तीची ठरली! कारखान्यास ऊस अखंड मिळाला पाहिजे म्हणून या जमिनीचे तुकडे करावयाचे नाहीत, असे कायद्यातच होते. सबब ती वाटली न जाता १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेली. इंदापूर तालुक्यातील रत्नपुरी मळा हा त्यांपैकीच एक. पुढे महामंडळ तोट्यात गेले, मळे ओसाड पडू लागले, आणि मूळ मालक ‘खंडकरी’ या नावाने अर्ज, मोर्चे व दावे करीत राहिले. शब्दाची गंमत पाहा: खंड देणारा तो खंडकरी असा आमचा जुना अर्थ, येथे खंड घेणाऱ्या धन्यासच ते नाव चिकटले. या शतकाच्या दुसऱ्या दशकात कायदा दुरुस्त होऊन त्यांस जमिनी परत मिळू लागल्या. ग्वाटेमालाच्या शेतकऱ्यास जमीन अठरा महिन्यांत मिळाली व दोन वर्षांच्या आत गेली. आपल्या खंडकऱ्याची कायद्याने गेली, व ती परत येण्यास सुमारे अर्धे शतक लागले. अंगठा उठविणारा तोवर बहुधा हयात राहिला नव्हता.

आपला मुलूख ग्वाटेमाला झाला नाही याचे श्रेय आम्ही कायद्याहून सहकारास अधिक देतो. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्याने १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना उभा केला. त्यामागोमाग त्याच दशकात माळेगाव व भवानीनगर आणि पुढे सोमेश्वर हे कारखाने नीरेच्या पाण्यावर उभे राहिले. ग्वाटेमालात जमीन, रस्ता, आगगाडी, बंदर सर्व एका परक्या हाती होते. येथे जमीन शेतकऱ्याची, कारखाना सभासदाचा, आणि पाच गुंठ्यांच्या व पन्नास एकरांच्या सभासदास मत एकच. बारामती-इंदापूरच्या शाळा, रस्ते, दुधाच्या संस्था, औद्योगिक वसाहत, यांच्या पाठीमागे उसाच्या बिलातून उभी राहिलेली पत आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आज तीनचाकी वाहने तयार होतात, दुधाचे चीज होते. वालचंदनगरात अग्निबाणांचे भाग घडतात. ज्या मुलखात १८७५ साली रोखे जळत होते त्याने एवढी मजल मारली, ही लहान गोष्ट नाही.

पण एका पिकावरील भिस्त सुटली का? भाव आजही दिल्लीहून ठरतो आणि साखर परदेशी धाडावयाची की नाही हेही तेथेच ठरते. कापसाचा भाव ज्याप्रमाणे १८६५ साली दूरच्या लढाईने पडला, त्याप्रमाणे साखरेचा भाव ब्राझीलच्या पिकाने व थायलंडच्या पावसाने हलतो. ग्वाटेमालाही आज साखर निर्यात करणारा मोठा देश असून प्रसंगी आपला प्रतिस्पर्धी आहे. शिवाय आपल्याच तालुक्यात दोन मुलूख आहेत. कालव्याखालचा बागाईत पट्टा हा एक. आणि सुपे, मोरगाव, लोणी भापकर या बाजूचा जिराईत पट्टा हा दुसरा. ज्या सुप्याने १८७५ साली इतिहास घडविला, त्याच्या बाजूस नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी चढलेच नाही. उपसा योजनांनी थोडे आले. परंतु एका एकर आडसाली उसास अठरा महिने जे पाणी लागते त्यात कितीतरी एकर ज्वारी व हरभरा निघतो, हा हिशेब कालवा समितीच्या बैठकीत कोणी मांडीत नाही. इंदापुरास १९८० नंतर उजनीच्या फुगवट्याचे पाणी मिळाले, डाळिंब व द्राक्षबागा झाल्या, भिगवणास मासळीचा बाजार उभा राहिला. पण त्या पाण्याखाली पळसदेवसारखी गावे व भीमाकाठची कसदार जमीन गेली.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही, मग ती काही वाचकांस कडू लागो. ग्वाटेमालाच्या डोंगरातले माया लोक दर हंगामात बायकामुलांसह किनाऱ्याकडील कॉफीच्या व उसाच्या मळ्यांत उतरतात. पूर्वी मळेवाल्यांचे मुकादम त्यांस गावी जाऊन आगाऊ रक्कम देत व ती कामातून फेडून घेत. रक्कम फिटत नसे, पुढील हंगामी माणूस पुन्हा बांधलेलाच असे. दिवाळीच्या सुमारास बीडकडून व नगरच्या पूर्व भागातून आपल्या शिवारात ज्या बैलगाड्या व ट्रॅक्टर येतात, त्यांतील माणसांची उचल कशी दिली जाते, कोयत्याचा हिशेब कसा होतो, पाचटाच्या खोपीत बाळंतपणे कशी होतात, हे आम्ही वेगळे सांगावयास नको. नवराबायको मिळून एक कोयता, आणि नोंद मुकादमाच्या वहीत. आपण सभासद म्हणून कारखान्याच्या सभेत भावासाठी भांडतो ते योग्यच आहे. परंतु त्याच उसाच्या तोडणीचा दर, तोडकऱ्यांच्या मुलांची शाळा व फडावरील पाण्याची सोय हे विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आलेले आम्ही फारसे पाहिले नाहीत. ते आणण्यास सभासदांस कोणी अडविलेले नाही.

शेवटी ज्या खंडकरी घराण्यांस जमिनी परत मिळाल्या आहेत त्यांच्यासाठी चार व्यवहाराचे शब्द. ताबा मिळाला म्हणजे काम संपले असे समजू नये. ताबेपावतीची प्रत जपून ठेवावी व तिच्यावरून फेरफार मंजूर झाला की नाही हे गाव नमुना ६ मध्ये स्वतः पाहावे. सातबाऱ्यावर भोगवटादाराचा वर्ग कोणता लिहिला आहे व इतर हक्कांत हस्तांतराविषयी काय शर्त आहे, हे वाचल्यावाचून कोणाशीही विक्रीचा करार करू नये. मूळ खंडकऱ्यामागे तिसरी-चौथी पिढी आली आहे. वारसनोंद आजोबांपासून क्रमाने लावून घ्यावी व तीत लेकी-बहिणींची नावे गाळू नयेत, कारण गाळलेले नाव पुढे दाव्याच्या रूपाने परत येते. मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम कराव्यात. आणि जमीन चोपण असेल तर उसाची कांडी लावण्यापूर्वी निचऱ्याचा चर शेजाऱ्याच्या संमतीने नाल्यापर्यंत नेऊन, पहिली दोन वर्षे धैंचा, ताग व गहू अशी पिके घ्यावीत.